बोटांना दिलेला शब्द

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो की आम्हा सदरवाल्यांपुढे दरसाल एकच पेच उभा राहतो. विषय मोठा घ्यावा, तर वाचक म्हणतात, चकली मोडता मोडता हे जड कशाला? विषय लहान घ्यावा, तर संपादक म्हणतात, अहो, वर्षाचा अंक आहे, काही भारदस्त येऊ द्या! यंदा मी यावर एक तोड काढली आहे. विषय इतका लहान निवडला आहे की तो बोटाच्या पेराखाली मावावा. आणि तो दिवसातून इतक्या वेळा बोटाखालून जातो, की त्याला क्षुल्लक म्हणण्याची कोणाची छाती होऊ नये. संगणकावर काम करताना एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जायचे तर कोणत्या कळा दाबायच्या, आणि त्या सगळीकडे सारख्या का असू नयेत, हा तो विषय!

ज्या घरांत संगणकाची सत्ता नातवंडांच्या हाती आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. कचेरीतल्या फाईलीला नाव लिहिण्यासाठी कडेला पुढे काढलेली एक पट्टी असते ना, तिच्यावरून हे ‘टॅब’ नाव आले. आपण त्याला फाईलीचा कान म्हणू. पडद्यावर एकाच खिडकीत दहा कागद उघडे ठेवायचे आणि प्रत्येकाचा कान वरच्या बाजूला दिसत ठेवायचा. माऊसने कान धरला की तो कागद वर येतो. सोय नामी आहे. पण ज्याला दिवसाकाठी शेकडो वेळा कागद बदलायचे आहेत, त्याने दर खेपेस हात कळफलकावरून उचलायचा, माऊस पकडायचा, बाण नेमका त्या इवल्याशा कानावर न्यायचा, टिचकी मारायची आणि पुन्हा हात जागेवर आणायचा, म्हणजे भजनात टाळ वाजवणाऱ्याने दर ओळीला उठून दार लावून येण्यासारखे आहे! म्हणून शॉर्टकट. कंट्रोल दाबून धरा, टॅब नावाची कळ दाबा, पुढचा कागद हजर. हात कळफलकावरून हललेला नाही आणि नजर कामावरून ढळलेली नाही.

इथे एक गंमत सांगतो. टॅब नावाची कळ आणि टॅब नावाचा कान हे नात्याने एकमेकांचे कोणी लागत नाहीत. कळेतला ‘टॅब’ हा टॅब्युलेटर या शब्दाचा तुकडा. टाइपरायटरवर आकड्यांचे कोष्टक लिहिताना गाडी एका झटक्यात पुढच्या रकान्यापाशी नेण्यासाठी ती कळ होती. कानातला ‘टॅब’ आला कागदाच्या पट्टीवरून. आडनाव एक, गाव निराळे. पण आज एक टॅब दुसऱ्या टॅबला हलवतो, आणि लोकांना वाटते की ही सोयरीक जन्मापासूनची आहे.

हे झाले प्रास्ताविक. आता मुद्दा.

शॉर्टकट आपण पाठ करतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे पाठ करतात ती बोटे. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. गृहिणीचे डोळे कढईकडे, कान कुकरच्या शिटीकडे, बोलणे शेजारणीशी, आणि हात मात्र न चुकता हळदीच्या वाटीकडे. तिला अचानक विचारा, ‘हिंग कुठल्या वाटीत आहे हो?’ ती क्षणभर गोंधळेल. हात पुढे केल्याशिवाय तिला सांगता येणार नाही, कारण ते ज्ञान डोक्यात नाही, हातात आहे. पेटीवाल्याचे तसेच, शिंप्याचे तसेच आणि टंकलेखकाचेही तसेच. आपल्याकडे मराठी टंकलेखनाच्या परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या असतात. हा वेग गाठताना कुठला विद्यार्थी अक्षर शोधत बसतो? अक्षराचा विचार मनात येण्याच्या आत बोट तिथे पोचलेले असते.

अशी बोटे तयार व्हायला वेळ लागतो, आणि एकदा तयार झाली की त्यांना पुन्हा शिकवायला त्याहून जास्त वेळ लागतो. जेफ रॅस्किन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १९७९ साली ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प त्यांनी सुरू केला. २००० साली त्यांनी ‘द ह्युमेन इंटरफेस’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यातला एक विचार मला फार पटतो. माणसाला सवय लागणे आपण थांबवू शकत नाही. तेव्हा यंत्रच असे बांधावे की लागलेल्या सवयीने त्याचा घात होऊ नये. विचार साधा आहे. पण रोज नवी सॉफ्टवेअरे काढणाऱ्या मंडळींनी तो भिंतीवर लिहून ठेवावा, इतका मोलाचा आहे.

कारण प्रत्यक्षात चालले आहे काय? मिसळणाचा डबा घरोघरी एकसारखाच, पण हळदीची वाटी मात्र दर घरी निराळ्या जागी!

आता हेच पाहा. कंट्रोल आणि टॅब दाबले की ‘पुढचा’ कागद येतो, हे सगळ्यांना मान्य. पण पुढचा म्हणजे कोणता? यावर दोन घराणी आहेत. एका घराण्याचा रांगेचा कायदा: पडद्यावर कान ज्या क्रमाने दिसतात, त्यात शेजारचा तो पुढचा. दुसऱ्या घराण्याचा आठवणीचा कायदा: आत्ताच्या आधी तुम्ही जो कागद पाहत होता, तो पुढचा, मग तो रांगेत कुठेही असो. क्रोम ब्राउझरने पहिल्यापासून रांगेचा कायदा धरला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे आवडते व्हिज्युअल स्टुडिओ कोड आठवणीच्या कायद्याने चालते. आता तुम्हीच सांगा, या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून बसणाऱ्या मुलाच्या बोटांनी करावे तरी काय?

हा फरक वरवरचा नाही. आठवणीच्या कायद्यात तुम्ही टॅब एकदा दाबून हात उचलला, आणि पुन्हा तेच केले, तर तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता. रांगेच्या कायद्यात तेच दोनदा केले तर दोन घरे पुढे जाता. बोटांची हालचाल एकच, आणि माणूस पोचतो दोन निरनिराळ्या गावी!

दोन्ही कायदे आपापल्या जागी शहाणे आहेत, हे मात्र कबूल केले पाहिजे. बँकेचा उतारा एका कागदावर, हिशेबाची वही दुसऱ्यावर, आणि आकडा पडताळत या कागदावरून त्या कागदावर येरझारा घालायच्या, अशा कामाला आठवणीचा कायदा सोन्यासारखा. मधे भलते आठ कागद उघडे असले तरी ते वाटेत येत नाहीत. उलट दहा अर्ज ओळीने तपासायचे असतील, तर रांगेचा कायदाच बरा. वर्गात हजेरी घेताना मास्तरांनी ‘काल शेवटी कोण बोलले होते’ या क्रमाने नावे पुकारली, तर कसे चालेल?

एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. पण काहींनी कळाच निराळ्या घेतल्या. लिनक्सवर कॉन्सोल नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. त्यात टॅब बदलायला शिफ्ट आणि डावा-उजवा बाण. लिहिण्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरात शिफ्ट आणि बाण दाबला तर अक्षरे निवडली जातात. इंटेलिजे नावाच्या प्रोग्रॅमकारांच्या साधनात, विंडोजवर, टॅब बदलायला ऑल्ट आणि डावा-उजवा बाण. आणि ब्राउझरमध्ये ऑल्ट व डावा बाण म्हणजे काय? मागल्या पानावर जा! एक्सेलमध्ये कंट्रोल आणि पेज-डाऊनने पुढचा तक्ता येतो, कंट्रोल-टॅबने दुसरी वहीच येते. वर्डच्या कोष्टकात कंट्रोल-टॅब दाबा, तर टॅब बदलणे दूरच, चौकटीत टाइपरायटरच्या जमान्यातली ती रिकामी जागा पडते. तिथे ती कळ आपल्या मूळ गावी परत गेलेली असते.

तुम्ही म्हणाल, बोटे चुकली तर चुकली, पुन्हा दाबावे. जग बुडाले का? जग बुडत नाही, हे खरे. पण तालुक्याच्या गावी स्टँडजवळ, अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत जाऊन पाहा. शिष्यवृत्तीचा शेवटचा दिवस आहे. बाहेर पोरे उभी आहेत, वीज जाते-येते, आणि आत दुकानदार एका टॅबमध्ये अर्ज, दुसऱ्यात उत्पन्नाचा दाखला, तिसऱ्यात गुणपत्रिका असे उघडून आकडे उतरवतो आहे. अशा वेळी भलत्या सॉफ्टवेअरात लागलेल्या सवयीने बोट गेले आणि पुढचा कागद येण्याऐवजी मागचे पान आले, तर अर्धा तास भरलेला अर्ज कित्येकदा कोरा होतो. त्या पोराचा दिवस गेला. कदाचित वर्षही.

हे माझ्या कल्पनेचे भय नाही. एके काळी ब्राउझरमध्ये बॅकस्पेसची कळ दाबली की मागचे पान येत असे. तीच कळ लिहिताना अक्षर खोडते. माणूस अर्ज भरताना अक्षर खोडायला जाई. लिहिण्याची खूण चौकटीच्या बाहेर सरकलेली असे, आणि अक्षराऐवजी सगळा अर्जच खोडला जाई. लोकांचे लिहिलेले असे वाया जाते म्हणून क्रोमने २०१६ साली बॅकस्पेसचे हे काम काढून घेतले. फायरफॉक्सने २०२१ साली तेच केले, आणि कारणही तेच दिले. एका कळेने दोन ठिकाणी दोन कामे केली की काय होते, हे जगातल्या मोठ्या कंपन्यांनाही असे अनुभवाने शिकावे लागले.

आणि ज्यांना पडदा दिसतच नाही, त्यांचे काय? माझ्या परिचयाचे एक दृष्टिहीन गृहस्थ बँकेत काम करतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर कानाला लावून ते दिवसभर काम करतात. असे एक सॉफ्टवेअर, एनव्हीडीए, २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी लिहायला घेतले. ते स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि ते सॉफ्टवेअर फुकट मिळते. तर आमचे हे गृहस्थ एकदा मला म्हणाले, ‘‘तुम्हाला ते टॅबचे कान दिसतात हो. मला ते मोजावे लागतात. पहिल्यात खाते, दुसऱ्यात सही, तिसऱ्यात व्याज. कळ दोनदा दाबली की सही आलीच पाहिजे. परवा एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि कळ बदलली. तुमच्या लोकांना दोन दिवस चुकल्यासारखे झाले. मला शेजारच्या पोराला ‘जरा पुढचे पान आणून दे रे’ असे म्हणावे लागले. वीस वर्षांत पहिल्यांदा.’’

या शेवटच्या तीन शब्दांवर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. डोळस माणसाची पाऊलवाट बंद झाली तर तो हमरस्त्याने जातो. त्यांची ती पाऊलवाट नव्हती. नदीवरचा तेवढा एकच पूल होता. वेबसाइटींसाठी जे जागतिक दंडक २००८ साली ठरले, त्यांत प्रत्येक काम नुसत्या कळफलकाने करता आले पाहिजे असे कलम आहे. कलम उत्तम आहे. पण पूल असावा असे नियमात लिहिले, आणि तो दर वर्षी निराळ्या जागी बांधला, तर नियम पाळल्याचे समाधान कोणाला मिळणार?

आता नुसती तक्रार करून सदर संपवणे मला आवडत नाही. तेव्हा उपायाकडे वळतो. आणि उपायाची वेळ खरोखरच माझ्यावर आली. माझा भाचा सॉफ्टवेअर लिहितो. सोसायट्यांचे हिशेब ठेवण्याचे एक छोटे सॉफ्टवेअर त्याने करायला घेतले. सभासद, देखभाल खर्च, पावत्या, असे प्रत्येकाचे निराळे टॅब. एका रविवारी तो मला म्हणाला, ‘‘मामा, टॅब बदलायला मी कंट्रोल आणि उजवा बाण ठेवतो आहे. बाण उजवीकडे, टॅब उजवीकडे. किती सरळ आहे, बघा!’’

मी म्हटले, ‘‘अरे, पण कंट्रोल आणि उजवा बाण दाबला की लिहिताना एक शब्द पुढे जाता येते, ते?’’

‘‘मग लिहीत असताना शब्द पुढे जाईल, आणि लिहीत नसताना टॅब पुढे जाईल.’’

‘‘आणि आपण लिहीत आहोत की नाही, हे तुझ्या सोसायटीच्या चिटणिसांनी दर वेळी आधी तपासून घ्यायचे?’’

तो हसला आणि वही काढून बसला. त्या दुपारी आम्ही मामा-भाच्यांनी जे ठरवले, ते इथे देतो. कोणाच्या उपयोगी पडले तर पडो.

पहिली गोष्ट, नवे काही शोधायचे नाही. स्वयंपाकात कल्पकता हवी, पण मीठ मात्र मिठाच्याच बरणीत हवे. टॅब बदलण्याच्या दोन जोड्या जगभर रुळल्या आहेत: एक कंट्रोल-टॅब, आणि दुसरी कंट्रोलसह पेज-अप व पेज-डाऊन. सुदैवाने कायदेही दोनच आहेत. तेव्हा वाटणी सरळ आहे. आठवणीचा कायदा हवा असेल तर तो कंट्रोल-टॅबला द्यावा, कारण ऑल्ट-टॅबने खिडक्या बदलताना लोकांना तोच क्रम अंगवळणी पडलेला आहे. रांगेचा कायदा कंट्रोल आणि पेज-डाऊनला द्यावा, कारण पाने ओळीने उलटणे हेच त्या कळेचे नाव आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची विंडोजवरची वाटणी अशीच आहे. आणि ज्याला एकच कायदा परवडत असेल, त्याने दोन्ही जोड्यांना रांगेचेच काम द्यावे. तोही दगा नाही. उलट दिशेला जायचे तर टॅबच्या जोडीत शिफ्ट मिळवावी. यात फेरफार करू नये.

दुसरी गोष्ट, जी कळ दुसरीकडे काही पुसते, बंद करते किंवा मागे नेते, तिला या कामावर ठेवायचे नाही. बोट चुकणारच आहे, हे धरून चालावे. चुकलेल्या बोटाला फार तर शेजारचे पान दिसावे. केलेले काम गमावण्याची शिक्षा होऊ नये.

तिसरी गोष्ट खास आपली आहे. इंग्रजी मुलखात बसून शॉर्टकट ठरवणाऱ्यांच्या ती सहसा ध्यानात येत नाही. काही सॉफ्टवेअरांत टॅब बदलायला चौकटी कंसाच्या कळा वापरतात. मॅकवर त्यांचा चांगलाच प्रघात आहे. पण कळफलक इन्स्क्रिप्ट मराठीवर असला की डाव्या चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ असतो, आणि उजव्याच्या जागी नुक्ता. जर्मन कळफलकावर तर तो कंस काढायलाच आणखी एक कळ दाबावी लागते. लिनक्सवरच्या काही सॉफ्टवेअरांत मराठी चालू असताना कंट्रोल आणि इंग्रजी अक्षराची जोडी ओळखलीच जात नाही. कंट्रोल आणि ऑल्ट मिळून केलेल्या जोड्याही विंडोजवर जपून वापराव्यात. कारण ज्या कळफलकांवर उजवी ऑल्ट जादा अक्षरे काढते, तिथे ती दाबणे म्हणजे कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबणेच समजले जाते. एखादे अक्षर लिहायला जावे आणि पानच बदलावे, असा प्रकार! टॅब, पेज-अप, पेज-डाऊन या कळांना मात्र लिपीच नाही. त्या मराठीत त्याच, कानडीत त्याच, जर्मनमध्येही त्याच. भाषावाद त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही, आणि पोचू नये.

यावर भाच्याने एक बिनतोड हरकत घेतली. ‘‘मामा, छोट्या लॅपटॉपवर पेज-डाऊनची कळच नसते. एफएन आणि खालचा बाण दाबावा लागतो. म्हणजे तीन कळा झाल्या.’’ हरकत खरी होती. म्हणूनच एका जोडीवर न थांबता दोन्ही ठेवाव्यात, आणि जमल्यास आकड्यांचीही सोय करावी: कंट्रोल-एक म्हणजे पहिला टॅब, कंट्रोल-दोन म्हणजे दुसरा. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स दोघांतही ती तशीच आहे. आठपर्यंत क्रमाने, आणि नऊ म्हणजे शेवटचा, मग टॅब कितीही असोत. माझ्या त्या बँकेतल्या स्नेह्यांना ही सोय सर्वांत आवडते. मोजायलाच नको, घर क्रमांक सांगितला की दार उघडते.

आणखी एक बारीक प्रश्न निघाला. शेवटच्या टॅबवर पोचल्यावर आणखी पुढे दाबले तर? ब्राउझर फिरून पहिल्यावर नेतात. एक्सेल शेवटच्या तक्त्यावर थांबते. मला वाटले, फिरून येणे सोयीचे. पण न पाहणाऱ्याच्या दृष्टीने थांबणे हीसुद्धा एक बातमी आहे: भिंत आली, रांग संपली. आम्ही असे ठरवले की फिरवावे, पण पहिल्या टॅबवर येताच त्याचे नाव आणि क्रमांक वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळेल अशी व्यवस्था करावी. दोघांचेही समाधान झाले.

इतके झाल्यावर भाच्याने शेवटचा बाण काढला. ‘‘पण मामा, सगळे जुनेच धरून बसायचे तर सुधारणा व्हायची कधी? एखादी कळ खरोखरच चांगली सुचली तर?’’

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या कामांना कंट्रोलसह एक्स, सी, व्ही या कळा आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. लॅरी टेस्लर यांनी ॲपलच्या लिसा संगणकासाठी त्या रुळवल्या. तो संगणक १९८३ साली बाजारात आला, तिथे त्या ॲपलच्या कळेबरोबर दाबत. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण, आणि तिघी एकमेकींना लागून. इकडे १९८७ साली आयबीएमने आपल्या सगळ्या सॉफ्टवेअरांसाठी एक सामाईक दंडक प्रसिद्ध केला. त्यात याच कामांना शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट अशा जोड्या होत्या. पुढे विंडोजने एक्स-सी-व्ही घेतल्या. पण जुन्या जोड्या हाकलून दिल्या नाहीत. आजही विंडोजवर त्या दाबून पाहा, निमूटपणे काम करतात! घराला नवे दार पाडले, पण परसदार बुजवले नाही. ज्याला ज्या वाटेने यायची सवय, त्याने त्या वाटेने यावे.

फायरफॉक्सनेही २०१८ साली असाच समंजसपणा दाखवला. कंट्रोल-टॅबला आठवणीचा कायदा लावायचे त्यांनी ठरवले. पण तो नव्याने येणाऱ्यांसाठी. जे आधीपासून रांगेच्या कायद्याने चालत होते, त्यांच्या बोटांना त्यांनी हात लावला नाही, आणि दोघांनाही हवा तो कायदा निवडण्याची मुभा ठेवली. नव्या सुनेला नवी मांडणी करू द्यावी. पण सासूबाई स्वयंपाकाला उभ्या असताना डबे हलवू नयेत, हा साधा गृहधर्म आहे.

आणि आपल्या दुकानदारांचे उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर आहे. बंगळुरूच्या कंपनीचे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर गावोगावच्या पेढ्यांवर चालते. एफ-पाच म्हणजे रक्कम दिली, एफ-सहा म्हणजे आली, एफ-आठ विक्री, एफ-नऊ खरेदी. २०२० साली त्याला टॅलीप्राइम या नावाने नवे रूप मिळाले, पडद्याचा चेहरामोहरा बदलला. पण या कळा जागच्या जागी राहिल्या. म्हणून दिवाळीत वहीपूजनानंतर मुनीमजी नव्या वर्षाची पहिली नोंद करतात, तेव्हा त्यांची नजर गिऱ्हाइकाकडे असते आणि बोट एफ-आठकडे.

यंत्र आणि माणूस यांच्यात कसला करार होत नाही, असे आपण समजतो. सॉफ्टवेअर बसवताना ‘मान्य आहे’ म्हणून आपण ज्या लांबलचक कागदावर टिचकी मारतो, तो कोणी वाचत नाही. पण एक करार मात्र न लिहिता, न वाचता होत असतो. तू ही कळ दाब, मी हे काम करीन. आज करीन, उद्या करीन, इथे करीन, शेजारच्या सॉफ्टवेअरातही करीन. माणसाची बोटे या शब्दावर विसंबून वर्षानुवर्षे मुकाट्याने राबतात. ती सही मागत नाहीत आणि शब्द मोडला तर दाद मागायला कचेरीतही जात नाहीत, फक्त अडखळतात. ज्याच्याजवळ वेळ आहे आणि डोळे आहेत, तो अडखळून सावरतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याची वाट तिथेच संपते.

भाच्याचे सॉफ्टवेअर पुरे होत आले आहे. त्याच्या माहितीपत्रकात टॅब बदलण्याच्या कळांविषयी त्याने एकच ओळ लिहिली आहे: ‘इतर ठिकाणी चालतात त्याच.’ जाहिरातीच्या दृष्टीने ओळ अगदीच फिकी आहे, पण मला ती फार आवडली.